चौदा कमी पडले

६ मार्च

चिमण्या,

पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं स्वच्छ दिसायला लागलंय, त्यामुळे कोपऱ्यातली जळमटं आता रोज मला दाखवली जातात. फोन केला नाही, कारण तूच म्हणाला होतास की ऑफिसच्या फोनवर खात्याबद्दल काही बोलू नकोस, सगळं रेकॉर्ड होतं. आणि सतरा वर्षं धुलाईच्या मशीनशेजारी उभं राहून माझे कान गेलेत, फोनवर अर्धंच ऐकू येतं. मेसेज म्हणशील, तर सोड्याने सोललेला माझा अंगठा तो फोन ओळखतच नाही.

तर ऐक. काल सकाळी माझ्या खात्यात बारा हजार चारशे होते. दिवसभरात कार्डावर चार खर्च केले. आईचे डोळ्यांत घालायचे थेंब एकशेऐंशी, फोनचं रिचार्ज एकशे नव्व्याण्णव, भाजी पंचाण्णव, बसचे चाळीस. संध्याकाळी साबणवाल्याचा चेक वठला, बारा हजार तीनशेचा. मला वाटलं होतं तो दोन दिवसांनी येईल, तोवर हॉस्पिटलचं बिल जमा होईल. चूक माझी, कबूल. सगळं मिळून चारशे चौदा कमी पडले.

आज पासबुक भरून घेतलं, तर त्यात चार वेळा पाचशे पाचशे कापलेले! चार वेळा, चिमण्या! बसच्या चाळीसवर पाचशे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते काय वेगळं असतं? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुम्ही ओव्हरड्राफ्टची सोय घेतलीय ना? खात्यात पैसे नसले तरी बँक तुमच्यासाठी भरते. प्रत्येक वेळी त्याचा आकार पडतो." मी म्हटलं, बाई, मी कधी मागितली ही सोय? भीक नको पण कुत्रं आवर. तर म्हणाली, फॉर्मवर तुमची सही आहे.

दहा तारखेला मोठ्या मशीनचा हप्ता आहे, चार हजारांचा. तुला माहीतच आहे, दहा आणि पंचवीस, महिन्यातून दोनदा. लागोपाठ दोन हप्ते चुकले की कंपनी मशीन उचलून नेते, तसं करारातच आहे. चोवीस हप्ते भरले, बारा राहिलेत. ते मशीन गेलं तर हॉस्पिटलच्या रोजच्या दीडशे चादरी मी काय दगडावर आपटू? चादरी गेल्या तर चार बायकांचे पगार कुठून देऊ?

तू बँकेत आहेस म्हणून विचारते. हे कापलेले पैसे परत मिळतील का, आणि ही सोय बंद कशी करायची?

ताई


९ मार्च

ताई,

पत्र मिळालं. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. यात चूक कोणाची नाही, ही पद्धत आहे. दिवसभराचे व्यवहार बँक दिवस संपल्यावर एकत्र बसवते आणि मोठी रक्कम आधी धरते. माणसाचं मोठं देणं आधी भागावं, घराचा हप्ता, भाडं वगैरे, असा त्यामागे विचार आहे. ग्राहकाच्याच हिताचा. त्यामुळे तुझा चेक आधी गेला आणि मागचे चार छोटे खर्च उण्यात गेले.

पैसे परत मिळायचं म्हणशील तर बघतो. माझी ओळख आहे. सोय बंद करायचा अर्ज आत्ता देऊ नकोस, उणे शिल्लक असताना तो मंजूर होत नाही. यापुढे खात्यात हजारभर जास्तच ठेवत जा.

इकडे मार्चअखेर म्हणजे डोक्यावर टांगती तलवार. घरी सगळे मजेत. आईला म्हणावं, जळमटं राहू देत, कोळ्यांनाही घर लागतं.

तुझा
चिमण्या


१२ मार्च

चिमण्या,

हजारभर जास्त ठेवत जा म्हणे! अरे, हजारभर जास्त असते तर तुला पत्र कशाला लिहिलं असतं?

परवाचा हप्ता परत गेला. कारण विचारायला शाखेत गेले. मॅनेजरीणबाई चांगल्या आहेत बोलायला, त्यांनी नीट समजावलं. बँक मला अडीच हजारांपर्यंतच उणं जाऊ देते. चारशे चौदा माझे आणि दोन हजार त्यांचेच दंडाचे, मिळून दोन हजार चारशे चौदा झाले. म्हणजे मला दिलेली उधारी त्यांनी स्वतःच्याच दंडाने भरून टाकली, आणि मग मशीनच्या हप्त्याला म्हणाले जागा नाही. वर हप्ता परत गेला म्हणून आणखी पाचशे. दुष्काळात तेरावा महिना.

तुझी ती मोठी रक्कम आधी धरायची पद्धत मी टेबलावर कपड्यांचे चिमटे मांडून पाहिली. इस्त्रीवाली मावशी आणि घड्या घालणारी लंबूही बसल्या होत्या. आधी ज्या क्रमाने खर्च झाला तसे मांडले. थेंब गेले, रिचार्ज गेलं, भाजी गेली, बस गेली, आणि शेवटी चेकला पैसे कमी पडले. दंड एकच, पाचशे. मग बँकेसारखे मांडले. चेक आधी, छोटे मागून. दंड चार, दोन हजार. मावशीने दोन्ही रांगा बघितल्या आणि म्हणाली, "हे ग्राहकाचं हित असेल तर वाईट करायचं म्हटल्यावर काय करतील?" तुला उत्तर सुचतंय का बघ.

आज कंपनीचा माणूस येऊन गेला. आवाज न चढवता बोलतो, तेच जास्त भीतीदायक वाटतं. मशीनभोवती फिरला, पाठीमागचा नंबर वहीत उतरवला. म्हणाला, "पंचवीसला गेला नाही तर सव्वीसला गाडी येईल. रोख आम्ही घेत नाही, खात्यातूनच लागतो." हॉस्पिटलचं बिल अडकलंय, सही करणारे साहेब रजेवर. दुकानातली रोजची घरगुती कमाई आठवड्याच्या पगारातच जाते.

मी ठरवलंय, बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची. आणि तो फॉर्म मागायचा, ज्यावर माझी सही आहे म्हणतात. मला काही आठवत नाही. खातं तर तूच उघडून दिलं होतंस. तुला आठवतंय का काही?

ताई


१६ मार्च

ताई,

घाई करू नकोस. मी आत बसतो, मला माहीत आहे कसं चालतं ते. लेखी तक्रार आली की चौकशीपर्यंत खातं गोठवतात. मग पंचवीसचा हप्ता कसा जाणार? तूच सांग. एकतीस तारखेनंतर तक्रार दे, मी स्वतः मसुदा लिहून देतो. आत्ता फॉर्म वगैरे मागू नकोस. शाखेत जाऊच नकोस, उगाच नजरेत येशील.

हप्त्याची काळजी सोड. वीस तारखेला मी तुझ्या खात्यात पाच हजार भरतो. मी हिशेब केलाय. उणे दोन हजार नऊशे चौदा फिटून दोन हजार शहाऐंशी उरतील, आणि हप्त्याला जे कमी पडतील ते अडीच हजारांच्या उधारीत सहज बसतील. फक्त तू खात्याला हात लावू नकोस, कार्ड वापरू नकोस.

फॉर्मचं म्हणशील तर पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, शेकड्यांनी खाती उघडली तेव्हा. काय आठवणार?

चिमण्या


२१ मार्च

चिमण्या,

काल तुझे पाच हजार आले असतील. मी बघायला गेले नाही, तू सांगितलंस तसंच केलं. कार्ड आईच्या उशीखाली ठेवलंय. ती म्हणते, उशीखाली ठेवून चोराला सोपं झालं.

तुझ्यावर चिडून लिहिलं त्याचं वाईट वाटलं रे. पाच हजार म्हणजे तुलाही काही झाडाला लागत नाहीत, घराचं कर्ज डोक्यावर आहे. हॉस्पिटलचे पैसे आले की आधी तुझे पाठवीन.

एक सांगते. मावशी परवा कानातल्या कुड्या काढून माझ्या हातात ठेवत होती, गहाण ठेव म्हणून. मी म्हटलं, माझा भाऊ बँकेत आहे, त्याने हिशेब केलाय. हॉस्पिटलच्या स्टोअरवाल्यांनी दोन हजार उचल देऊ केली होती, त्यांनाही नको म्हटलं. साबणाच्या डब्यात सातशे पडलेत, तेही खात्यात भरायला निघाले होते. मग आठवलं, तू शाखेत जाऊ नकोस म्हणालास.

सगळं ठीक होईल ना? मशीन सुरू असलं की घरघरीचा वैताग येतो, आणि बंद झालं की दर वेळी उठून बघते, बाई, बंद का झालं.

ताई


२७ मार्च

बँकवाले साहेब,

काल सकाळी साडेनऊला गाडी आली. हप्ता परत गेला होता. चौदा कमी पडले. चौदा हजार नाही, चौदाशे नाही. चौदा.

तीन माणसं होती. मशीनमध्ये हॉस्पिटलच्या चादरी फिरत होत्या. मी म्हटलं, एवढी फेरी होऊ द्या. पाऊण तास ते बाकावर बसून राहिले, मावशीने पाणी दिलं तेही प्यायले. मग पाइप काढले, बोल्ट काढले, आणि मशीन दरवाज्यातून जाईना म्हणून चौकट काढली. आईने खुर्ची ओढून मशीनच्या वाटेत टाकली आणि तीवर बसून राहिली. तिला उठवायला मला जावं लागलं. साहेब, हे काम मला करावं लागलं.

ते गेल्यावर मी तशीच ओल्या पदराने शाखेत गेले. कशाला जाऊ नको, कोणाच्या नजरेत येईन? मॅनेजरीणबाईंनी हिशेब काढून दिला. उणं राहिल्याच्या पाच दिवसांनंतर बँक रोजचे साठ लावते. अकरा तारखेपासून वीसपर्यंत दहा दिवसांचे सहाशे. तुझ्या पाच हजारांतून ते सहाशे आधी गेले. राहिले चौदाशे शहाऐंशी. चार हजारांना दोन हजार पाचशे चौदा कमी, आणि मर्यादा अडीच हजारांची. हप्ता परत गेला म्हणून पुन्हा पाचशे. रोजचे साठ तुला माहीत नव्हते? तू मुख्य कार्यालयात बसून या दंडांचेच तक्ते करतोस ना? माझ्या डब्यात सातशे होते. मावशीच्या कुड्या होत्या. स्टोअरवाल्यांची उचल होती. तू हात लावू नकोस म्हणालास, म्हणून मी हात बांधून बसले.

बाईंना विचारलं, तक्रार दिली तर खातं गोठवतात का हो? म्हणाल्या, "असं कोणी सांगितलं?"

मग मी फॉर्म मागितला. त्यांनी काढून दिला. ओव्हरड्राफ्टच्या चौकोनात खूण आहे, निळ्या शाईची. खाली पेन्सिलची फुली, फुलीवर माझी सही. आणि सहीखाली 'ग्राहकाला समजावून सांगितले' असं लिहून तुझी सही. तुझी.

इतकी वर्षं मी तुझ्या फुलीवर सही करत आले. बाबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद, जागेचे कागद, दवाखान्याचे. तू फुली मारायचास आणि मी न वाचता सही करायचे, कारण घरात शिकलेला तू. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

तुझ्या त्या वर्षीच्या टार्गेटसाठी मावशीला, लंबूला, चौघींनाही मीच तुझ्या काउंटरवर पाठवलं होतं. मावशीचं पासबुक काल पाहिलं. वर्षभरात चार हजार कापलेत. तिला वाटत होतं, बँकेत पैसे ठेवायचे म्हणजे एवढं भाडं पडतच असेल.

तक्रार देऊन आले. उत्तर देऊ नकोस असं लिहिणार होते, पण दे. खरं दे.

तुझी बहीण


३० मार्च

ताई,

खरं लिहितो.

ती खूण मी केली. तेव्हा वरून पत्रक आलं होतं, प्रत्येक नव्या खात्याला ही सोय जोडायची, ग्राहकाने विचारलं तरच सांगायचं. दर खात्यामागे गुण होते. सगळेच करत होते. तुझा फॉर्म भरताना माझा हात अडला, हे खरं आहे. मग वाटलं, ताई काही उण्यात जाणारी नाही, तिचा हिशेब पक्का असतो. आणि खूण केली. मावशींच्या वेळी तर हातही अडला नाही.

खातं गोठवतात हे मी खोटं सांगितलं. एकतीसला बढतीची यादी लागणार आहे, त्यात माझं नाव आहे. तक्रार आली असती तर फॉर्म निघाला असता आणि फॉर्मवर माझी सही आहे. मला फक्त पंधरा दिवस हवे होते. पंधरा दिवसांत काय होणार, पाच हजार भरले की निभावून जाईल, असं मी स्वतःला समजावलं.

रोजच्या साठांबद्दल. माहीत होते, ताई. तो तक्ता माझ्याच हातचा आहे. पण नातेवाइकाचं खातं उघडून पाहिलं की यंत्रात माझ्या नावाची नोंद राहते. ती नोंद नको म्हणून मी तुझं खातं पाहिलं नाही, तोंडी हिशेब केला आणि साठ विसरलो. एकदा बटण दाबून बघितलं असतं तर चौदा दिसले असते. नोंद होईल म्हणून दाबलं नाही. परवा तुझं पत्र वाचलं, तेव्हापासून ते खिशातच घेऊन फिरतोय. बायकोला काय झालं तेही सांगितलेलं नाही.

सोबत त्या पत्रकाची प्रत ठेवलीय. बाहेर द्यायची नसते. तक्रार अधिकाऱ्यासमोर ठेव. कुठून मिळाली विचारलं तर माझं नाव सांग.

चिमण्या


४ एप्रिल

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, दुसऱ्यांदा बसून.

मशीन नसताना कसं चाललंय ते ऐक. हॉस्पिटलने दहा तारखेपर्यंत मुदत दिलीय. आम्ही पाचजणी टाकीत पायाने तुडवून चादरी धुतो. दीडशेच्या जागी सत्तर होतात. लंबूचा गुडघा सुजलाय. रक्ताचे डाग हाताने काढताना कोणी बोलत नाही, एरवी आमच्या तोंडाला कुलूप लागत नसे.

काल तक्रार अधिकाऱ्याने बोलावलं. खोलीत तो, मॅनेजरीणबाई आणि एक वकील. चहा आला, बिस्किटं आली. इतकं गोड बोलले की मी पर्स घट्ट धरून बसले. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात असं आहे की एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी माझी दिशाभूल केली, आणि बँकेच्या कामाच्या पद्धतीबद्दल माझी काही तक्रार नाही. यावर सही केली तर कापलेले तीन हजार सहाशे परत, वर दहा हजार. आणि मुख्य म्हणजे मशीन. ते दहा तारखेपर्यंत कंपनीच्या गोदामात आहे, आणि कंपनीचं खातं याच बँकेत. अधिकारी म्हणाला, "आमचा एक फोन गेला की मशीन तुमच्या दारात."

मी आठ तारखेची वेळ मागून घेतली. पत्रक अजून पर्समध्येच आहे.

घरी येऊन चौघींना सांगितलं. लंबू म्हणाली, "सही कर, त्याने केलंच आहे की." खरंच आहे. तू केलंच आहेस. मग मावशी म्हणाली, "पद्धतीबद्दल तक्रार नाही असं तू लिहून दिलंस, तर माझ्या चार हजारांचं काय विचारायचं मी? कोणाला?" मग चौघी उठून चादरी तुडवायला गेल्या.

तुझा जीव वाचवावा असं मला आत्ता मुळीच वाटत नाही. मला माझं मशीन हवंय. रडू येतं इतकं हवंय. तू काय म्हणतोस?

ताई


६ एप्रिल

ताई,

सही कर. मशीन घे. माझं जे व्हायचं ते होईल, आणि ते व्हायलाच हवं.

हे मनापासून लिहिलं. पण ज्याने एवढं खोटं लिहिलं त्याचं मनापासून तरी किती धरायचं, ते तू ठरव. यादी लागली. माझं नाव पहिलं आहे. सगळ्यांनी पेढ्यांची मागणी केली आणि मी स्वच्छतागृहात जाऊन दार लावून बसलो.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात नाही, पत्रकात आहे. पण नुसती प्रत ते मानणार नाहीत, बनावट म्हणतील. ती खरी आहे हे सांगायला आतला माणूस लागेल. म्हणून आठ तारखेला मी येतोय. तू सही कर किंवा करू नकोस, मी दाराबाहेर बसून असेन. बोलावलंस तर आत येईन.

चिमण्या


२२ एप्रिल

चिमण्या,

आठ तारखेनंतर आपण बोललो नाही. तू बसस्टॉपवर उभा होतास, मी पलीकडून निघून गेले. आज लिहिते, कारण बँकेचं पत्र आलंय आणि तुला कळायला हवं.

तुझ्या शाखेत त्या वर्षी उघडलेल्या सगळ्या खात्यांचे दंड परत होणार. माझे तीन हजार सहाशे आले. मावशीचे चार हजार आले, लंबूचे पंधराशे. मावशीने पासबुक तीनदा उलटसुलट करून पाहिलं, न जाणो पुन्हा कापतील. मोठी रक्कम आधी धरायची पद्धत मात्र तशीच आहे. मी विचारलं, तर म्हणाले तो धोरणाचा भाग आहे.

मशीन आलं नाही. मी त्या कागदावर सही केली नाही, मग ते कशाला फोन करतील? अकरा तारखेला कंपनीने ते दुसऱ्या लाँड्रीला दिलं. हॉस्पिटलच्या चादरीही तिकडेच गेल्या. आपल्याकडच्या दोघीजणी तिथे कामाला लागल्या, जायलाच हवं होतं त्यांना, मी कुठून पगार देणार? त्यातली एक काल भेटली. म्हणाली, "ताई, तुमचंच मशीन आहे, त्याचं दार अजून गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही. तिथल्या कोणाला जमत नाही, मलाच बोलावतात." ती हसत सांगत होती. मीही हसले. घरी आल्यावर आईला जेवायला वाढायचंही विसरले. आता मी, मावशी आणि लंबू घरगुती कपड्यांवर भागवतोय. जेमतेम भागतं.

तुझ्या बायकोचं पत्र आलं होतं. तुला निलंबित केलंय, चौकशी बसलीय, घराच्या कर्जाचं काय होणार म्हणून ती घाबरलीय. तुझी नोकरी गेली तर मला आनंद होईल असं समजू नकोस. पण एक गोष्ट साफ सांगते. मी सही केली नाही ती तुझ्यासाठी नाही. त्या कागदात लिहिलेलं अर्धं खोटं होतं, आणि सोबत आलेली मावशी समोर बसली होती, म्हणून.

आणि हेही सांगते. मी बोलावल्यावर दार उघडून तू आत आलास, मान खाली न घालता नाव सांगितलंस, पत्रक खरं आहे म्हणालास, तक्ता तुझ्याच हातचा आहे म्हणालास. वकील म्हणाला, "याचा परिणाम समजतो ना?" तू म्हणालास, "समजतो." तेव्हा मला तुझा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, वाटला. पण तू ते आठ एप्रिलला म्हणालास. सोळा मार्चला म्हणाला असतास तर मशीन आज इथे असतं. मधले ते दिवस कुठलीच बँक परत जमा करणार नाही.

तुला माफ केलं असं लिहायला सकाळपासून तीनदा बसले. नाही लिहवत रे. पेन पुढे जातच नाही. राग आहे, आणि तुझी काळजीही आहे, दोन्ही एकदम आहेत, आणि मला त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

आई रोज विचारते, तो कधी येणार. मी सांगते, बोलावलं की येईल.

मी अजून बोलावलेलं नाही.

ताई